पोस्टग्रेसचं व्हर्जन कधी आणि कसं बदलायचं: नव्याने डेटाबेस सांभाळणाऱ्यांसाठी

डेटाबेस सर्व्हर हाती येतो तेव्हा तो बहुधा एकाच अवस्थेत असतो. कुणीतरी काही वर्षांपूर्वी बसवलेला आणि त्यानंतर कुणीही हात न लावलेला. ‘चालतंय ना, मग कशाला छेडायचं?’ हे उत्तर तर ठरलेलंच. पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसच्या बाबतीत त्या उत्तराचा घोटाळा असा, की त्यात दोन अगदी वेगळी कामं एकत्र मोजली जातात. मायनर अपडेट (त्याच आवृत्तीतल्या दुरुस्त्या घेणं) हे दहा मिनिटांचं काम, वर्षातून चारदा येणारं. मेजर अपग्रेड (नव्या मुख्य आवृत्तीवर जाणं) हा छोटासा प्रकल्प, दोन-तीन वर्षांतून एकदा निघणारा. दुसऱ्याच्या धास्तीने पहिलंही केलं जात नाही, आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. (खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.)

पायरी १: नेमकं काय चालू आहे?

पीएसक्यूएलला (सर्व्हरशी बोलायच्या कमांड-लाइन प्रोग्रॅमला, म्हणजे क्लायंटला) नुसतं व्हर्जन विचारून थांबू नका. तो आकडा क्लायंटचा असतो, सर्व्हरचा नव्हे. सर्व्हरला जोडून ‘शो सर्व्हर_व्हर्जन’ चालवा. पॅकेज बदललं पण सर्व्हर रीस्टार्ट झाला नाही, तर डिस्कवर नवे बायनरी (प्रोग्रॅमच्या फाइल्स) असतात आणि मेमरीत जुनाच प्रोग्रॅम पळत असतो. अशा वेळी पॅकेज मॅनेजर एक आकडा सांगतो आणि सर्व्हर दुसरा. खरा आकडा सर्व्हरचा.

आता तो आकडा वाचायचा कसा. आवृत्ती १० ऑक्टोबर २०१७ मध्ये आली, तेव्हापासून पहिला आकडा मेजर आणि दुसरा मायनर. १४.२० म्हणजे मेजर १४, मायनर २०. त्याआधी पहिले दोन आकडे मिळून मेजर ठरायचा, म्हणजे ९.६.२४ मध्ये मेजर ९.६ आणि मायनर २४. त्यामुळे ९.५ वरून ९.६ वर जाणं हे पूर्ण मेजर अपग्रेड होतं, दिसायला कितीही किरकोळ वाटलं तरी. जुने सर्व्हर अजून चालू असलेल्या ठिकाणी हा गैरसमज भेटतोच.

पायरी २: तारखा कॅलेंडरवर टाका

दर वर्षी एक मेजर आवृत्ती येते, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिला पहिल्या दिवसापासून पाच वर्षं सपोर्ट मिळतो. पाच वर्षं भरल्यावर एक शेवटचं मायनर रिलीज निघतं आणि ती शाखा (त्या मेजरची मालिका) बंद होते. मायनर रिलीज फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांतल्या दुसऱ्या गुरुवारी येतात आणि सपोर्ट असलेल्या सगळ्या शाखांसाठी एकाच दिवशी येतात. २०२६ साठी ठरलेल्या तारखा १२ फेब्रुवारी, १४ मे, १३ ऑगस्ट आणि १२ नोव्हेंबर. फार गंभीर काही सापडलं तर मधेच जादा रिलीजही काढतात.

शाखा बंद होण्याच्या तारखा अशा: १३ ची १३ नोव्हेंबर २०२५, १४ ची १२ नोव्हेंबर २०२६, १५ ची ११ नोव्हेंबर २०२७, १६ ची ९ नोव्हेंबर २०२८, १७ ची ८ नोव्हेंबर २०२९ आणि १८ ची १४ नोव्हेंबर २०३०. सपोर्ट संपला म्हणून सर्व्हर बंद पडत नाही, हीच यातली फसवी गोष्ट. तो तसाच चालत राहतो. फक्त पुढे सुरक्षेचं भोक सापडलं तर ते वरच्या शाखांत बुजवलं जातं आणि तुमच्यात उघडं राहतं. शिवाय भोक कुठे होतं हे दुरुस्तीच्या कोडवरून कुणालाही वाचता येतं.

पायरी ३: तुमचं पॅकेज कुठून येतं?

इथे दोन घड्याळं चालतात. एक पोस्टग्रेस प्रकल्पाचं, दुसरं लिनक्स वितरणाचं. उबुंटू २२.०४ मध्ये पोस्टग्रेस १४ येतो, २४.०४ मध्ये १६. डेबियन १२ मध्ये १५, डेबियन १३ मध्ये १७. उबुंटू २२.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२७ पर्यंत चालतो, पण त्यातला १४ प्रकल्पाच्या लेखी नोव्हेंबर २०२६ मध्येच संपतो. मधल्या काळात दुरुस्त्या मिळाल्या तर त्या वितरणाकडून मिळतील, प्रकल्पाकडून नाही. प्रकल्पाची स्वतःची एपीटी आणि यम भांडारं आहेत. त्यांत सपोर्ट असलेल्या सगळ्या मेजर आवृत्त्या शेजारी-शेजारी बसवता येतात. डेटाबेस हेच मुख्य काम असलेल्या सर्व्हरवर हीच भांडारं वापरावीत, म्हणजे ओएस आणि डेटाबेस यांची अपग्रेड एकाच रात्री करण्याची वेळ येत नाही.

डेबियन आणि उबुंटूवर एक गंमत होते. ओएस २२.०४ वरून २४.०४ वर नेलीत की १६ चं पॅकेज येतं आणि त्याचा नवा, रिकामा क्लस्टर (एका सर्व्हरखाली चालणारा डेटाबेसचा संच) ५४३३ पोर्टवर उभा राहतो. तुमचा डेटा ५४३२ वर १४ मध्येच असतो. ॲप चालू असतं, त्यामुळे ‘अपग्रेड झाला’ असं सगळे धरून चालतात, आणि १४ ला आता कुठूनच अपडेट येत नसतात. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ चालवलं की दोन ओळी दिसतात. ओएस अपग्रेडनंतर ही कमांड चालवायची सवय लावून घ्या.

डॉकर वापरत असाल तर इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग कधीही देऊ नका. एखाद्या सप्टेंबरात इमेज ओढली की नवा मेजर येतो, जुन्या मेजरच्या फाइल्स बघतो आणि ‘डेटाबेस फाइल्स सर्व्हरशी जुळत नाहीत’ असं सांगून सुरू व्हायलाच नकार देतो. डेटा सुरक्षित असतो, पण सकाळ वाया जाते. टॅगमध्ये मेजर आकडा लिहा, शक्य असेल तर डेबियनचं नावही. १८ च्या इमेजपासून डेटाची जागा बदलली आहे. व्हॉल्यूम आता ‘डेटा’ फोल्डरवर नव्हे, तर त्याच्या वरच्या ‘पोस्टग्रेसक्यूएल’ फोल्डरवर जोडावा लागतो.

क्लाउडवर मायनर अपडेट सहसा देखभालीच्या ठरलेल्या वेळेत आपोआप लागतात. ॲमेझॉन आरडीएससारख्या सेवांत मुदत संपलेली आवृत्ती चालू ठेवता येते, पण त्या जादा सपोर्टचे वेगळे पैसे लागतात आणि ते सीपीयूच्या हिशेबाने तासागणिक वाढत जातात. बिलात ही ओळ दिसली तर ते अपग्रेड पुढे ढकलल्याचं भाडं समजा.

पायरी ४: मायनर अपडेट

मायनर रिलीजमध्ये नवीन सोयी नसतात. चुका आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या एवढंच. डिस्कवरची मांडणी बदलत नाही, त्यामुळे डंप (सगळा डेटा फाइलमध्ये उतरवणं) नको, रूपांतर नको: बायनरी बदला, रीस्टार्ट करा. १४.२ वरून थेट १४.२० वर जाता येतं, मधले टप्पे घ्यावे लागत नाहीत. मात्र मधल्या प्रत्येक रिलीजच्या नोट्समधला ‘मायग्रेशन’ हा परिच्छेद वाचायचा. बहुतेक वेळा तिथे ‘काही करायची गरज नाही’ एवढंच असतं. कधीकधी नसतं. ९ मे २०२४ च्या रिलीजमध्ये (१६.३ आणि त्याच्या जोडीची) सीव्हीई-२०२४-४३१७ या क्रमांकाने नोंदलेल्या सुरक्षा त्रुटीची दुरुस्ती होती, पण ती फक्त नव्याने बनवलेल्या क्लस्टरला आपोआप लागू व्हायची. जुन्या क्लस्टरमध्ये सोबत दिलेली एसक्यूएल फाइल प्रत्येक डेटाबेसमध्ये हाताने चालवावी लागत होती. नोट्स न वाचणाऱ्यांचा आकडा नवा झाला आणि भोक तसंच राहिलं.

क्रम असा ठेवा. ताजा बॅकअप आहे ना, ते बघा. रेप्लिका (मुख्य सर्व्हरच्या चालत्या प्रती) असतील तर आधी त्यांना अपडेट करा, प्रायमरी (मुख्य सर्व्हर) शेवटी. प्रायमरी थांबवण्याच्या मिनिटभर आधी हाताने ‘चेकपॉइंट’ चालवा. नाहीतर बंद होताना मेमरीतली सगळी बदललेली पानं डिस्कवर जाईपर्यंत ताटकळावं लागतं, आणि मोठ्या मेमरीच्या सर्व्हरवर हा वेळ चांगलाच जाणवतो. ‘फास्ट’ प्रकाराने बंद करा. ‘स्मार्ट’ प्रकार चालू कनेक्शन स्वतःहून सुटण्याची वाट बघतो, आणि कनेक्शन पूल (कनेक्शन उघडी जपून ठेवणारी सोय) असेल तर ती वाट संपत नाही. सुरू झाल्यावर पुन्हा ‘शो सर्व्हर_व्हर्जन’.

रिलीज आपल्याकडे गुरुवारी संध्याकाळच्या सुमारास पोहोचतं. शुक्रवारी चाचणीच्या सर्व्हरवर लावा, प्रॉडक्शनवर पुढच्या आठवड्यात. हे थांबणं अनाठायी नाही. १४ नोव्हेंबर २०२४ च्या रिलीजमध्ये (१७.१, १६.५ वगैरे) दोन गोष्टी बिघडल्या. आतल्या एका रचनेचा आकार बदलल्यामुळे आधी कंपाइल केलेली टाइमस्केलडीबीसारखी एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायची पूरक मॉड्यूल) कोलमडू शकत होती, आणि युजर किंवा डेटाबेसला लावून ठेवलेली ‘सेट रोल’ सेटिंग चालेनाशी झाली. आठवड्याभरात, २१ नोव्हेंबरला, १७.२ आणि जोडीची जादा रिलीज आली. १२ ही शाखा १२.२१ वर संपायची होती, ती त्यामुळे १२.२२ वर संपली.

पण आठवडाभर थांबणं वेगळं आणि वर्षभर थांबणं वेगळं. १४.० ते १४.३ मध्ये ‘कन्करंटली’ पद्धतीने (टेबल वापरात असतानाच) इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) बनवला किंवा पुन्हा बांधला तर त्यात काही ओळी गहाळ होऊ शकत होत्या, तेही गुपचूप. १६ जून २०२२ ला खास १४.४ काढून ते दुरुस्त केलं. अपडेटमुळे नवे इंडेक्स नीट बनतात, आधी बिघडलेला इंडेक्स आपोआप सुधारत नाही. तुमचा सर्व्हर त्या काळात १४ वर असेल आणि कुणी तपासलं नसेल, तर ‘पीजी_एएमचेक’ ‘हीप-ऑल-इंडेक्स्ड’ पर्यायासह चालवा, आणि ज्या इंडेक्सवर तक्रार येईल तो पुन्हा बांधा.

पायरी ५: कुठल्या मेजरवर, कधी?

दर वर्षी नवा मेजर घेण्याची गरज नाही, आणि पाचव्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत रेटण्यातही शहाणपण नाही. दोन-तीन वर्षांनी एकदा, दोन-तीन आकडे ओलांडून जावं. १३ वरून थेट १८ वर जाता येतं. नव्या मेजरच्या .० ला घाई करू नये. पोस्टग्रेस स्वतः बहुधा ठीक असतो, एक्स्टेन्शन मागे असतात. पोस्टजीआयएस किंवा तुमचं जे काही असेल, त्याची नव्या मेजरसाठीची पॅकेजं आली का, हे आधी बघा. .२ येईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, चित्र बरंच स्पष्ट झालेलं असतं.

पण फेब्रुवारी-मार्च ही आपल्याकडे आर्थिक वर्ष संपण्याची धामधूम. हिशेब, जीएसटी, पगार असलं काही त्या डेटाबेसवर असेल तर ३१ मार्चच्या आसपास कुणी हात लावू देणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. १४ वर असाल तर तालीम जूनपर्यंत उरकून अपग्रेड ऑगस्टपर्यंत संपवा. नोव्हेंबर ही शेवटची तारीख, ठरवलेली तारीख नव्हे. दिवाळीच्या सुट्ट्याही तिथेच असतात.

जाण्याआधी मधल्या प्रत्येक मेजरच्या नोट्समधली विसंगतींची यादी वाचायची. हमखास आडवे येणारे बदल इथे सांगतो. १२ मध्ये ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ (रिकव्हरी आणि रेप्लिकाच्या सेटिंगची फाइल) गेली, आणि ती फाइल डेटा फोल्डरमध्ये राहिली तर सर्व्हर सुरूच होत नाही. ‘विथ ओआयडीज’ने बनवलेली टेबलंही १२ पासून चालत नाहीत. १४ मध्ये नवे पासवर्ड मूळ सेटिंगने स्क्रॅम पद्धतीने साठवले जाऊ लागले, त्यामुळे पासवर्ड बदलताच जुना ड्रायव्हर लॉगिन नाकारतो. १५ मध्ये ‘पब्लिक’ स्कीमात (टेबलांच्या सामाईक कप्प्यात) कुणालाही टेबल बनवता येणं बंद झालं. हा बदल नव्या डेटाबेसनाच लागू होतो, अपग्रेड केलेल्या जुन्या डेटाबेसमधल्या परवानग्या तशाच राहतात. म्हणून ‘प्रॉडक्शनवर चालतं, नव्या चाचणी सर्व्हरवर चालत नाही’ असा उलटा प्रकार दिसतो. १५ मध्येच ‘पीजी_स्टार्ट_बॅकअप’चं नाव ‘पीजी_बॅकअप_स्टार्ट’ झालं, आणि घरी लिहिलेल्या बॅकअप स्क्रिप्ट तिथे पडल्या.

पायरी ६: मेजर अपग्रेड

मार्ग तीन. डंप काढून भरणं सर्वांत सोपं आणि सर्वांत संथ. नव्या आवृत्तीचा ‘पीजी_डंप’ वापरायचा, जुन्याचा नव्हे. डेटा काही गिगाबाइट असेल तर दुसरा विचारच करू नका. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये (जुन्या सर्व्हरवरचे बदल चालू असतानाच नव्याकडे पाठवत राहणं) डाउनटाइम सगळ्यात कमी, पण टेबलांची रचना आणि सीक्वेन्सचे आकडे आपोआप जात नाहीत, ते स्वतः न्यावे लागतात. पहिल्या खेपेला या वाटेला जाऊ नये. उरलेल्या बहुतेकांसाठी ‘पीजी_अपग्रेड’, म्हणजे जुन्या डेटा फाइल्स थेट नव्या आवृत्तीत नेणारं साधन.

त्यासाठी नवी आवृत्ती जुन्याच्या शेजारी बसवा, सगळ्या एक्स्टेन्शनच्या नव्या लायब्ररींसह. नवा क्लस्टर ‘इनिटडीबी’ने बनवताना एन्कोडिंग, लोकॅल (भाषेनुसार क्रमाचे नियम) आणि चेकसम (डेटा खराब झाला का हे ओळखायचे आकडे) जुन्याप्रमाणेच हवेत. १८ मध्ये नवखे इथेच अडकतात. १८ पासून चेकसम मूळ सेटिंगने चालू असतात, आणि जुन्या क्लस्टरमध्ये ते बहुधा बंद असतात, म्हणून तपासणी तिथेच थांबते. दोन उपाय. नवा क्लस्टर ‘नो-डेटा-चेकसम्स’ देऊन बनवा. किंवा जुना सर्व्हर बंद करून ‘पीजी_चेकसम्स’ने चेकसम चालू करून घ्या (१२ पासून ही सोय आहे). दुसरा चांगला, पण त्यात संपूर्ण डेटा वाचला आणि लिहिला जातो, तेवढा वेळ हाताशी हवा.

मग ‘चेक’ पर्याय देऊन ‘पीजी_अपग्रेड’ चालवा. हे जुना सर्व्हर चालू असतानाही करता येतं आणि काहीही बदलत नाही. तक्रारी संपेपर्यंत चालवत राहा. प्रत्यक्ष अपग्रेडला ‘कॉपी’ किंवा ‘लिंक’ निवडायचं. कॉपीला डेटाएवढी दुसरी जागा आणि तसाच वेळ लागतो, पण जुना क्लस्टर शाबूत राहतो. लिंकमध्ये फाइल्स दोघांच्या सामाईक असतात. काम झटपट होतं, पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना पुन्हा चालवायचा नाही, चालवलात तर डेटा खराब होईल. तालीम बॅकअपमधून उभ्या केलेल्या सर्व्हरवर करा आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. डाउनटाइम मागताना तोच कागद कामी येतो.

कॉपी केली तरी परतीची वाट कायमची उघडी नसते. ॲपने नव्या सर्व्हरवर लिहायला सुरुवात केली की जुन्यावर परतणं म्हणजे मधला डेटा गमावणं. म्हणून ॲप जोडण्याआधी काय-काय तपासायचं आणि ‘परत फिरा’ कोण म्हणणार, हे आधीच ठरवा. रेप्लिका नव्याने उभ्या कराव्या लागतील, तो वेळही धरा.

डेबियन-उबुंटूवर हे सगळं ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ करून देतो. आधी तो रिकामा आपोआप बनलेला नवा क्लस्टर ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर’ने काढा. आकडा दोनदा वाचून काढा, कारण शेजारीच खरा डेटा आहे. पद्धत कुठली हे स्वतः लिहून द्या, मूळ सेटिंगवर सोडू नका.

पायरी ७: सुरू झाल्यावर

‘अपग्रेडनंतर सगळं हळू झालं’ ही तक्रार बहुतेकदा एकाच कारणाने येते. १७ पर्यंत ‘पीजी_अपग्रेड’ प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत नेत नसे. टेबलात किती ओळी आहेत, कशा पसरल्या आहेत हे प्लॅनरला माहीतच नसतं, मग तो अंदाजाने चुकीचा मार्ग धरतो. ॲप जोडण्याआधी ‘व्हॅक्यूमडीबी’ ‘ऑल’ आणि ‘ॲनालाइझ-इन-स्टेजेस’सह चालवा. १८ मध्ये आकडेवारी सोबत जाते, पण एक्स्टेंडेड स्टॅटिस्टिक्स जात नाहीत, म्हणून तिथे ‘मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली’ जोडून चालवा आणि त्यानंतर एकदा पूर्ण ॲनालाइझ करा. एक्स्टेन्शनही प्रत्येक डेटाबेसमध्ये ‘ऑल्टर एक्स्टेन्शन’ने नव्या आवृत्तीवर न्या.

ओएस बदलली असेल तर आणखी एक काम आहे, आणि मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी ते मुळीच टाळू नये. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीकडून घेतो. तिचा क्रम बदलला की जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स खोटा ठरतो. ओळ टेबलात असते, शोधल्यावर सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही तेच नाव दुसऱ्यांदा शिरतं. जीलिबसी २.२८ मध्ये असा मोठा बदल झाला (डेबियन १०, रेड हॅट ८). स्वतः बघायचं असेल तर ‘सॉर्ट’ कमांडला अमेरिकन इंग्रजी लोकॅलमध्ये दोन ओळी द्या, इंग्रजी आकड्यांत: ‘एक डॅश एक’ आणि ‘अकरा’. जुन्या सिस्टिमवर अकरा आधी येतो, नव्यावर डॅशवाली ओळ. ‘पीजी_अपग्रेड’ इंडेक्स आहे तसा उचलतो, त्यामुळे दोष सोबत येतो. डंप भरताना इंडेक्स नव्याने बांधले जातात, तिथे ही भीती नाही.

१५ पासून डेटाबेसला जोडताना ‘कोलेशन व्हर्जन जुळत नाही’ (कोलेशन म्हणजे मजकुराच्या क्रमाचे नियम) असा इशारा येतो, आणि सोबत ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ चालवण्याची सूचनाही. पुष्कळ जण फक्त तीच कमांड चालवतात आणि इशारा गेला म्हणून निश्चिंत होतात. तिने नोंदीतला आकडा बदलतो, इंडेक्स तसाच राहतो. आधी मजकुरावरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधा, मगच रिफ्रेश.

शेजारच्या घरांत काय चालतं

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसना हे नियम जसेच्या तसे लावू नका. मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची, आणि त्यानंतरची दीर्घ सपोर्टची आवृत्ती ८.४. मधली ‘इनोव्हेशन’ रिलीज पुढची येईपर्यंतच जगतात. नव्या माणसाने ती प्रॉडक्शनवर घेऊ नयेत. तिथे मेजर ओलांडून उडी मारता येत नाही, ५.७ वरून ८.० आणि मग ८.४ असंच जावं लागतं. ८.० च्या आतल्या रिलीजमध्येही नव्या सोयी येत गेल्या आणि मागे परतता येत नाही, म्हणजे पोस्टग्रेसच्या मायनरइतकं बिनधास्त राहता येत नाही. मारियाडीबीत दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्या निवडा: १०.११ ला फेब्रुवारी २०२८ पर्यंत सपोर्ट आहे, ११.४ ला मे २०२९ पर्यंत.

मुदत आधीच संपली असेल तर

९.६, १० किंवा ११ वर चालणारा सर्व्हर वारशात मिळाला, तर पहिल्याच आठवड्यात मेजर उडी मारू नका. आधी त्याच शाखेच्या शेवटच्या मायनरवर या: ९.६.२४, १०.२३, ११.२२, १२.२२, १३.२३. हे दहा मिनिटांचंच काम आहे आणि माहीत असलेल्या बऱ्याच चुका त्याने मिटतात. मग बॅकअप दुसऱ्या यंत्रावर खरोखर भरून बघा. जुन्या सर्व्हरचा बॅकअप अनेकदा इथेच उघडा पडतो. सर्व्हर बाहेरच्या नेटवर्कवरून दिसत असेल तर ती वाट बंद करा. त्यानंतर निवांत तालीम. १८ चा ‘पीजी_अपग्रेड’ आणि ‘पीजी_डंप’ दोन्ही ९.२ पासूनचे सर्व्हर स्वीकारतात, तेव्हा मधे कुठल्याही आवृत्तीवर मुक्काम करावा लागत नाही.

अपग्रेड होऊन दोन-तीन आठवडे सुरळीत गेले की जुना क्लस्टर आणि त्याची पॅकेजं काढून टाका. लिंक पद्धत वापरली असेल तर फाइल्स हाताने पुसू नका, ‘पीजी_अपग्रेड’ने बनवून दिलेली डिलीट स्क्रिप्ट चालवा. वेगळ्या टेबलस्पेस (डेटासाठी दुसरीकडे ठेवलेले फोल्डर) असतील तर स्क्रिप्ट तयार झाली आहे का, आणि ती कुठले फोल्डर पुसणार आहे, हे आधी उघडून वाचा.